न हाताळलेल्या दगडाची साक्ष : पृथ्वीबाहेरील खडक-मातीच्या लेसर पृथक्करणाचा इतिहास

गोषवारा

चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागावरील खडक आणि माती यांचे जागच्या जागी रासायनिक पृथक्करण करण्यासाठी लेसरचा उपयोग कसा सुरू झाला, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. १९६० मधील पहिल्या लेसरपासून २०२३ मधील चांद्रयान-३ मोहिमेपर्यंतचा कालखंड मुख्यतः विचारात घेतला आहे. कोणीही हाती न घेतलेल्या दगडाविषयी उपकरणाने दिलेली माहिती खरी कशावरून मानावी, हा या निबंधाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. उपकरणांच्या वाढत्या सामर्थ्याइतकेच महत्त्व पृथ्वीवरील ज्ञात नमुन्यांशी केलेल्या तुलनेला, म्हणजेच अंशशोधनाला आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

सूचक शब्द : लेसर, वर्णपट, मंगळ, चंद्र, अंशशोधन, केमकॅम, चांद्रयान.

१. प्रस्तावना

खडकाचे रासायनिक पृथक्करण करण्याची रूढ पद्धत सर्वपरिचित आहे. नमुना गोळा करावयाचा, त्याची पूड करावयाची, ती आम्लात विरघळवावयाची अथवा तिची गोळी करून क्ष-किरण यंत्रात ठेवावयाची आणि आलेले आकडे दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पडताळून घ्यावयाचे. या पद्धतीची विश्वसनीयता एका साध्या गोष्टीवर उभी आहे. शंका आल्यास नमुना पुन्हा तपासता येतो. परग्रहावरील खडकाच्या बाबतीत ही सोय नसते. यान पुढे निघून जाते, दगड मागे राहतो आणि अभ्यासकाच्या हाती उरतात ते केवळ आकडे.

इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. मूळ साक्षीदार पुन्हा उभा करता येत नाही, तेव्हा त्याच्या साक्षीची किंमत इतर ज्ञात साधनांशी ताडून ठरवावी लागते. लेसर पृथक्करणाच्या इतिहासाकडे याच दृष्टीने पाहिल्यास तो केवळ तांत्रिक प्रगतीचा वृत्तांत राहत नाही. पुरावा कसा घडतो आणि तो कितपत ताणता येतो, याचे ते एक बोलके उदाहरण ठरते.

२. पूर्वपीठिका : वर्णपट आणि तुलनेची अट

दूरच्या वस्तूचे रसायन प्रकाशावरून ओळखण्याची कल्पना लेसरपेक्षा शंभर वर्षांनी जुनी आहे. १८५९-६० या काळात हायडलबर्ग येथे किर्खोफ व बुन्सेन यांनी दाखवून दिले की, तप्त अवस्थेतील प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश देते आणि वर्णपटातील या रेषा त्या मूलद्रव्याच्या ओळखीची खूण असतात.

या पद्धतीची शक्ती आणि मर्यादा या दोहोंचा प्रत्यय १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या निमित्ताने आला. ग्रहणाचा पट्टा दक्षिण भारतातून जात होता. गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन, जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि विजापूर येथे कॅप्टन हेग यांनी सौरज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यात एक ठळक पिवळी रेषा होती आणि प्रारंभी ती सोडियमची समजली गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये लॉकयर यांनी ग्रहणाविना निरीक्षण केले आणि ही रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नसल्याचे दाखवले. पुढे तिचा संबंध 'हेलियम' या नव्या मूलद्रव्याशी जोडला गेला. तथापि, १८९५ मध्ये रॅम्से यांना एका युरेनियमयुक्त खनिजातून हा वायू पृथ्वीवरच मिळेपर्यंत त्याचे अस्तित्व सर्वमान्य झाले नव्हते. आकाशातील रेषेचा अर्थ प्रयोगशाळेतील नमुन्याने पक्का केला, तोही सत्तावीस वर्षांनी. ही तुलनेची अट पुढील सर्व इतिहासात कायम राहिली.

३. स्पर्शाचा कालखंड : १९६७ ते २००४

अवकाशयाने प्रथम चंद्रावर व नंतर मंगळावर उतरू लागली तेव्हा पृथक्करणाची पहिली साधने लेसरची नव्हती. सप्टेंबर १९६७ मध्ये सर्व्हेयर-५ या अमेरिकन यानाने चंद्रावर उतरून मातीवर अल्फा कणांचा मारा केला आणि परत उसळणाऱ्या कणांवरून तिची घटना ठरवली. शिकागो विद्यापीठाचे अँथनी तुर्केविच हे या उपकरणाचे प्रमुख होते. चंद्रावरील त्या भागाची घटना बेसॉल्टसारखी असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. दोन वर्षांनी अपोलो-११ मोहिमेतून आणलेल्या नमुन्यांनी त्याला पुष्टी दिली. दूरस्थ साक्ष आणि हाती आलेला दगड यांची अशी थेट भेट अवकाशविज्ञानात फार थोड्या वेळा घडली आहे.

मंगळाच्या बाबतीत ती घडली नाही. १९७६ मध्ये उतरलेल्या दोन्ही व्हायकिंग यानांवर क्ष-किरण प्रतिदीप्तीवर आधारित उपकरण होते, परंतु यानाच्या हाताला केवळ माती व तिची ढेकळे उचलता आली. एकाही खडकाचे पृथक्करण होऊ शकले नाही. १९९७ मध्ये पाथफाइंडर मोहिमेतील सोजर्नर ही छोटी बग्गी प्रथमच खडकाजवळ गेली. तिचे उपकरण खडकाला जवळजवळ टेकवून कित्येक तास ठेवावे लागे. खडकावरील धुळीचा थर मूळ घटनेत मिसळून जाई, तो काढण्याचे साधन नव्हते. पहिल्या खडकांची घटना अँडेसाइटसदृश असल्याचे जाहीर झाले, पण प्रयोगशाळेत अंशशोधन पुन्हा करून ते आकडे नंतर सुधारावे लागले. २००४ मध्ये उतरलेल्या स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या बग्ग्यांना खडक घासण्याचे यंत्र दिले गेले, त्यामुळे धुळीचा प्रश्न सुटला. मात्र प्रत्येक खडकापर्यंत जाणे, हात पुढे करणे आणि थांबणे यांत दिवसचे दिवस जात. दिवसाकाठी काही मीटर चालणाऱ्या यंत्राला आसपासच्या शेकडो दगडांतून दोन-चारच निवडावे लागत. कोणता दगड निवडावा हे आधी कळण्याची सोय नव्हती.

४. लेसर : प्रयोगशाळेतून अवकाशाकडे

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर कार्यान्वित केला. दोनच वर्षांत ब्रेक व क्रॉस यांनी लेसरच्या साहाय्याने घन पदार्थाची वाफ करून तिचा वर्णपट घेता येतो, हे दाखवले. भारतातही या शोधाचे पडसाद लवकर उमटले. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या तुर्भे येथील संस्थेत १९६० च्या दशकाच्या मध्यातच गॅलियम आर्सेनाइडचा लेसर तयार झाला होता.

या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. काही अब्जांश सेकंद टिकणारा लेसरचा स्पंद अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या ठिपक्यावर एकवटला, की तेथील पदार्थाच्या अत्यल्प अंशाची वाफ होऊन प्रखर प्लाझ्मा निर्माण होतो. तो निवू लागताच त्यातील अणू व आयन आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. दुर्बिणीने तो गोळा करून वर्णपटमापकाकडे पाठवला म्हणजे मूलद्रव्ये ओळखता येतात. खडकाला हात लावावा लागत नाही, पूड करावी लागत नाही. शिवाय पहिल्या काही स्पंदांच्या आघाताने धूळ उडून जाते आणि पुढील स्पंद खुद्द खडकावर पडतात.

१९८० च्या दशकाच्या आरंभी लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत रॅडझिएम्स्की, क्रेमर्स व लॉरी यांनी हे तंत्र विकसित करून त्याला लेसर-प्रेरित विभंजन वर्णपटमिती हे नाव रूढ केले. तंत्राच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून ते 'लिब्स' म्हणून ओळखले जाते. त्यांचे आरंभीचे प्रयोग हवेतील बेरिलियमसारखे घातक पदार्थ ओळखण्यासाठी होते. १९९२ मध्ये ब्लेसिक, पेटिट व क्रेमर्स यांनी ग्रहांच्या पृष्ठभागाच्या अभ्यासासाठी ते वापरावे, असा प्रस्ताव मांडला. यांपैकी डॉनल्ड पेटिट पुढे स्वतः अंतराळवीर झाले. मंगळाच्या दृष्टीने एक अनुकूल बाबही लक्षात आली. तेथील हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे शतांश असतो. या विरळ हवेत प्लाझ्मा मोकळेपणाने पसरतो, तरीही लगेच विखरून जात नाही. पूर्ण निर्वातात मात्र तो झपाट्याने पसरून प्रकाश क्षीण होतो. मंगळावर काही मीटरांवरून जे साधते, ते चंद्रावर काही सेंटिमीटरांवरूनच साधावे लागते, ते यामुळेच.

५. पहिला प्रयत्न : फोबोस मोहीम

लेसरने परक्या पृष्ठभागाचे पृथक्करण करण्याचा पहिला प्रत्यक्ष प्रयत्न सोव्हिएत संघाने केला, ही गोष्ट अनेक आढाव्यांत निसटते. जुलै १९८८ मध्ये मंगळाच्या फोबोस या उपग्रहाकडे दोन याने पाठवण्यात आली. त्यांवरील 'लिमा-डी' या उपकरणाच्या घडणीत अनेक युरोपीय देशांचा सहभाग होता. यानाने फोबोसच्या पृष्ठभागावरून अवघ्या सुमारे ५० मीटर उंचीवरून संथपणे जावे, लेसरने मातीची वाफ करावी आणि उडालेले आयन यानापर्यंत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून त्यांचे वस्तुमान ठरवावे, अशी ती धाडसी योजना होती. प्रकाशाऐवजी प्रत्यक्ष आयन मोजणारी ही पद्धत लिब्सहून वेगळी असली, तरी खडकाला न शिवता लेसरने त्याची घटना ओळखण्याचा हेतू तोच होता.

फोबोस-१ ला पाठवलेल्या आज्ञावलीतील चुकीमुळे यानाची स्थिती राखणारी यंत्रणा बंद पडली आणि सप्टेंबर १९८८ मध्ये संपर्क तुटला. फोबोस-२ मंगळाच्या कक्षेत पोहोचले, परंतु उपग्रहाजवळून जाण्याचा टप्पा येण्याआधीच २७ मार्च १९८९ रोजी तेही हरवले. लेसर एकदाही चालवला गेला नाही. त्यानंतर प्रत्यक्ष प्रयोग होण्यास आणखी तेवीस वर्षे लागली.

६. केमकॅम : साकार झालेली कल्पना

डिसेंबर २००४ मध्ये नासाने मंगळ विज्ञान प्रयोगशाळा या मोहिमेसाठी निवडलेल्या उपकरणांत 'केमकॅम' होते. लॉस अलामॉसचे रॉजर वीन्स आणि फ्रान्समधील तुलूज येथील सिल्व्हेस्त्र मोरिस हे त्याचे सूत्रधार होते. लेसर व दुर्बीण असलेला वरचा भाग फ्रान्सने, तर वर्णपटमापक असलेला खालचा भाग लॉस अलामॉसने घडवावा, अशी विभागणी होती. सप्टेंबर २००७ मध्ये खर्च वाढल्याच्या कारणाने नासाने या उपकरणाचा पुढील निधी थांबवण्याचा निर्णय घेतला. फ्रेंच भाग तोवर बराच पूर्ण झाला होता. शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, खर्चात कपात केली आणि काम वाचले.

क्युरिऑसिटी बग्गी ६ ऑगस्ट २०१२ रोजी गेल विवरात उतरली. १९ ऑगस्टला 'कॉरोनेशन' असे नाव दिलेल्या मुठीएवढ्या दगडावर दहा सेकंदांत ३० स्पंद सोडण्यात आले. प्रत्येक स्पंदाची शक्ती दहा लाख वॉटहून अधिक आणि अवधी एका सेकंदाच्या सुमारे पाच अब्जांश भागांइतका होता. केमकॅमचा पल्ला सात मीटरांपर्यंत होता. २०१३ च्या अखेरीपर्यंत स्पंदांची संख्या एक लाखावर गेली. सोजर्नरच्या काळात एका दगडाला लागणारा वेळ आता काही मिनिटांवर आला आणि कोठे थांबावे हे ठरवण्यासाठी बग्गीला प्रथमच आधार मिळाला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये अंतर मोजून दुर्बीण स्थिर करणारा छोटा लेसर निकामी झाला. मुख्य लेसर चांगला असूनही नेम साधता येईना. २०१५ मध्ये पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठवण्यात आली. वेगवेगळ्या अंतरांवर प्रतिमा घेऊन त्यांतील सर्वांत स्पष्ट प्रतिमा उपकरणाने स्वतः निवडावी, अशी ती व्यवस्था होती आणि ती मूळ व्यवस्थेपेक्षा सरस ठरली.

केमकॅमच्या निरीक्षणांतून मंगळाच्या मातीत व धुळीत हायड्रोजनचे, पर्यायाने जलांशाचे, अस्तित्व दिसले. यलोनाइफ बे भागात खडकांच्या भेगांत कॅल्शियम सल्फेटच्या पांढऱ्या शिरा आढळल्या. कधी काळी त्या भेगांतून पाणी वाहिल्याची ती खूण होती. मंगळ सर्वत्र बेसॉल्टचा आहे ही समजूतही सैल झाली, कारण काही फिकट खडक फेल्डस्पार व सिलिका यांनी समृद्ध निघाले.

७. कसोटीचे दगड

या निष्कर्षांमागील आकडे कसे मिळाले, हे पाहिल्यावर इतिहासाचा खरा गाभा हाती येतो. वर्णपटातील रेषेवरून मूलद्रव्य ओळखणे तुलनेने सोपे आहे, त्याचे प्रमाण सांगणे अवघड. एकाच मूलद्रव्याच्या समान प्रमाणाची रेषा एका खडकात ठळक, तर दुसऱ्यात फिकी उमटते. खडकाचा कठीणपणा, त्यातील इतर द्रव्ये, कणांचा आकार आणि अंतर या सर्वांचा तिच्यावर परिणाम होतो. म्हणून प्रमाण ठरवण्याचा मार्ग एकच उरतो. ज्ञात घटनेचे खडक मंगळासारख्या दाबाच्या पेटीत ठेवून त्यांवर तसाच लेसर चालवावयाचा आणि परग्रहावरून आलेला वर्णपट त्यांच्याशी ताडून पाहावयाचा.

आपल्याकडे सराफ सोन्याचा कस पाहतो, तो याच रीतीने. कसोटीच्या दगडावर तपासावयाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि तिच्या शेजारी ज्ञात कसाच्या सोन्याच्या रेघा ओढून तुलना करतो. ज्ञात कसाची सोनी जितकी अधिक, तितका अंदाज अचूक. केमकॅमच्या आरंभीच्या अंशशोधनात साठ-सत्तर प्रमाणित नमुने होते. फेल्डस्पारने समृद्ध खडक समोर आल्यावर हा संच अपुरा ठरला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित अंशशोधनात नमुन्यांची संख्या चारशेंहून अधिक झाली आणि आधी जाहीर केलेले आकडे नव्याने काढावे लागले. मंगळावरचा दगड तोच होता, वर्णपटही तोच होता. पृथ्वीवरील तुलनेची साधने वाढली म्हणून त्याचे मोल बदलले.

बग्गीवरही प्रमाणित नमुन्यांची एक छोटी तबकडी बसवलेली असते. पर्सिव्हिअरन्स ही पुढची बग्गी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली. तिच्यावरील 'सुपरकॅम'मध्ये लिब्सच्या जोडीला हिरव्या लेसरवर चालणारी रामन वर्णपटमिती आली. त्यामुळे मूलद्रव्यांबरोबर खनिजेही ओळखता येऊ लागली. १९२८ मध्ये कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी लावलेल्या शोधाचा मंगळावरील हा विनियोग भारतीय वाचकाला विशेष वाटावा. सुपरकॅमला ध्वनिग्राहकही जोडला आहे. स्पंद खडकावर आदळल्याच्या आवाजावरून त्याच्या कठीणपणाचा अंदाज घेता येतो. याच बग्गीवरील 'शेरलॉक' हे उपकरण अतिनील लेसर वापरते. त्याच्या अंशशोधनासाठी ओमानमध्ये सापडलेल्या मंगळीय उल्केची एक चकती परत मंगळावर नेण्यात आली. कसोटीला मंगळाचाच दगड लावण्याची ही योजना म्हणावी लागेल.

मात्र आकडे बिनचूक असले, तरी त्यांचा अर्थ बिनचूक असेलच असे नाही. केमकॅमला किंबर्ली या भागातील 'विंडजाना' येथे मँगनीजची ऑक्साइडे विपुल आढळली. २०१६ मध्ये त्यावरून मंगळाच्या प्राचीन वातावरणात ऑक्सिजन अधिक असावा, असा तर्क मांडला गेला. पृथ्वीवर अशी ऑक्साइडे बहुधा ऑक्सिजनच्या सान्निध्यातच बनतात, हा त्याचा आधार होता. पुढे २०२२-२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्लोरिन व ब्रोमिन यांच्या ऑक्सिजनयुक्त क्षारांमुळेही मंगळासारख्या परिस्थितीत मँगनीजचे ऑक्सिडीकरण होऊ शकते, असे दिसले. लेसरची साक्ष येथे खोटी ठरली नाही. तिच्यावरून काढलेल्या अनुमानाला मात्र दुसरा पर्याय उभा राहिला.

८. भारतीय प्रयत्न : चांद्रयान-२ आणि चांद्रयान-३

भारतीय अवकाश संशोधन संघटनेच्या बंगळूर येथील विद्युत-प्रकाशीय प्रणाली प्रयोगशाळेने प्रग्यान या बग्गीसाठी लिब्स उपकरण तयार केले. बग्गीचे वजन अवघे सव्वीस किलोग्रॅम असल्याने उपकरणाच्या वाट्याला साधारण एका किलोग्रॅमचेच वजन आले. निर्वातामुळे अंतर सुमारे २० सेंटिमीटर ठेवावे लागले. सप्टेंबर २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे विक्रम लँडर उतरताना कोसळले आणि हा प्रयोग होऊ शकला नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. त्यानंतर काही दिवसांतच लिब्सच्या वर्णपटांत गंधक निःसंशय आढळल्याचे जाहीर झाले. ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटेनियम, मँगनीज, सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या रेषाही दिसल्या. अपोलो मोहिमांतील नमुन्यांत गंधक पूर्वीच ज्ञात होते. त्या अक्षांशावरील मातीत जागच्या जागी ते प्रथमच ओळखले गेले, हे या निरीक्षणाचे महत्त्व होय.

येथेही साक्ष दुसऱ्या साक्षीने ताडली गेली. प्रग्यानवर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे अल्फा कण व क्ष-किरण यांवर आधारित उपकरण होते आणि त्यालाही गंधक दिसले. संतोष वडवळे व सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या दुसऱ्या उपकरणाने २३ ठिकाणी घेतलेल्या मापनांवरून तेथील मातीची घटना लोहयुक्त ॲनॉर्थोसाइटशी जुळत असल्याचे दाखवले. लेसरने मूलद्रव्ये झटपट ओळखावीत आणि सावकाश चालणाऱ्या उपकरणाने प्रमाणे निश्चित करावीत, अशी कामाची वाटणी येथे दिसते.

दरम्यान, मे २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या चीनच्या झुरोंग या बग्गीनेही लिब्सचा वापर केला होता. प्रचंड खर्चाच्या मोहिमा असोत वा त्याहून कितीतरी कमी खर्चाच्या, तंत्र तेच आणि तुलनेची अटही तीच राहिली.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) लेसर पृथक्करणाने परग्रहावरील संशोधनाची गती बदलली. जे काम कित्येक तासांचे होते ते मिनिटांचे झाले, धुळीचा अडसर दूर झाला आणि दगडांची निवड करणे शक्य झाले.

(२) ही प्रगती सरळ रेषेत झालेली नाही. फोबोस यानांचे अपयश, २००७ मधील निधीचे संकट आणि २०१९ मधील अपघात हे या इतिहासाचे अविभाज्य टप्पे आहेत.

(३) उपकरणाने दिलेल्या आकड्यांची विश्वसनीयता पृथ्वीवरील प्रमाणित नमुन्यांच्या संख्येवर व वैविध्यावर अवलंबून राहिली. १८६८ ची पिवळी रेषा असो वा २०१७ चे सुधारित अंशशोधन, निर्णायक काम प्रयोगशाळेत झाले.

या तिसऱ्या निष्कर्षाला आज विशेष महत्त्व आहे. पर्सिव्हिअरन्सने जमवलेले नमुने पृथ्वीवर आणण्याची योजना खर्च व निधी यांच्या प्रश्नांत अडकली आहे. सर्व्हेयर-५ च्या साक्षीला अपोलोच्या दगडांनी जशी पुष्टी दिली, तशी संधी मंगळाच्या बाबतीत नजीकच्या काळात मिळेलच असे म्हणता येत नाही. तोवर लेसरची साक्ष हीच मुख्य साक्ष राहणार. तिचे मूळ वर्णपट जपले गेले असल्याने नवे प्रमाणित नमुने हाती येतील तसतसे ते पुन्हा वाचता येतील. चांद्रयान-३ च्या उपकरणांची माहितीही २०२४ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली आहे. ती वाचण्यासाठी यान लागत नाही. ज्ञात घटनेचे खडक, बरी प्रयोगशाळा आणि भौतिकी, रसायन व भूविज्ञान या विषयांचे अध्यापक एकत्र बसण्याची तयारी एवढे पुरे आहे. लोणारसारखे बेसॉल्टमधील आघात-विवर ज्या प्रदेशात आहे, तेथील महाविद्यालयांना हे काम दूरचे वाटू नये.